खोक्यातली पुस्तकं: स्कूल डिस्ट्रिक्टचं सेंट्रल प्रोसेसिंग ठेवावं की मोडावं?

जुनीवही
४ मार्च, रात्री ९:५०

इथे अमेरिकेतल्या शाळांमध्ये काम करणारे, निदान शाळेच्या लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून पुस्तकं लावून आलेले बरेच जण आहेत. म्हणून हा प्रश्न इथेच टाकते.

मी मिडवेस्टातल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या सेंट्रल प्रोसेसिंगमध्ये काम करते. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात गोदामाच्या मागची एक लांबट खोली, चार माणसं, दोन लेबल प्रिंटर आणि एक कायम रुसलेला स्कॅनर. डिस्ट्रिक्टच्या २२ शाळांसाठी घेतलेलं लायब्ररीचं प्रत्येक पुस्तक शाळेत जायच्या आधी आमच्या टेबलावरून जातं. खोकं फोडायचं, पॅकिंग स्लिप परचेस ऑर्डरशी ताडून बघायची, फाटकं-दुमडलेलं बाजूला काढायचं. मग आयएसबीएन स्कॅन करून आपल्या कॅटलॉगमध्ये रेकॉर्ड आहे का ते पाहायचं. असलं तर नवी प्रत त्याला जोडायची. नसलं तर लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून किंवा आणखी कुठून मार्क रेकॉर्ड (पुस्तकाची संगणकाला वाचता येणारी नोंद) उतरवून घ्यायचं आणि आपल्या पद्धतीला जुळवायचं. त्यानंतर बारकोड, कण्यावरचं लेबल, लेबलावर पारदर्शक पट्टी, जॅकेटला मायलारचं पारदर्शक आवरण, डिस्ट्रिक्टचा शिक्का. टायटल वनच्या, म्हणजे गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीच्या केंद्राच्या पैशातलं असेल तर फंड कोड वेगळा. शाळेनुसार टब भरायचे, की बुधवारी आणि शुक्रवारी व्हॅन येते.

आता बजेटला कात्री लागणार म्हणून वरून एक सूचना आली आहे: पुस्तकं वेंडरकडूनच शेल्फ-रेडी, म्हणजे लेबल-बारकोड लावून तयार, मागवा, खोली बंद करा, चौघांना शाळांमध्ये वाटून टाका. १८ तारखेला बोर्डाची मीटिंग आहे आणि पब्लिक कॉमेंटला तीन मिनिटं मिळतात. मला बोलायचंय, पण 'आमच्या नोकऱ्या वाचवा' एवढंच म्हणून परत यायचं नाहीये. हे काम एका जागी करण्यात खरंच काही अर्थ आहे, की आम्ही नुसती सवय सांभाळतोय?

आमचं सगळं गोड आहे असंही नाही. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, सगळ्या शाळा एकदम ऑर्डर काढतात आणि सगळी खोकी तीन आठवड्यांत येऊन थडकतात. सप्टेंबरात खोलीत पाय ठेवायला जागा नसते. मागच्या वर्षी शेवटचं खोकं फोडलं तेव्हा थँक्सगिव्हिंग उंबरठ्यावर आलं होतं.

मोकळेपणाने लिहा. कडू असलं तरी चालेल.

---

तिसरी_घंटा
४ मार्च, रात्री ११:१५

जुनीवही, राग मानू नका, पण मी त्या व्हॅनची वाट बघणाऱ्या बाजूची आहे. टेक्ससमधल्या एलिमेंटरी शाळेत लायब्रेरियन आहे, आणि आमच्याकडेही तुमच्यासारखीच 'खोली' आहे.

एकच प्रसंग सांगते. हिस्पॅनिक हेरिटेज मंथ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. माझ्या शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं घरी स्पॅनिश बोलतात, म्हणून त्या महिन्यासाठी दोन भाषांतली चित्रपुस्तकं मी मे महिन्यातच ऑर्डर केली होती. ती ऑगस्टमध्ये सेंटरला पोचली, ते मला सिस्टीममध्ये दिसत होतं. माझ्या हातात आली २० ऑक्टोबरला. वरातीमागून घोडं! त्याच महिन्यात मी पदरचे पैसे घालून दुकानातून आठ पुस्तकं आणली, तर वर मेल आला की प्रोसेस न केलेली पुस्तकं फिरवायची नाहीत, सेंटरला पाठवा.

दुसरं म्हणजे लेबलं. तुमच्या खोलीतल्या माणसाला माझं शेल्फ दिसत नाही. डायनोसॉरच्या पुस्तकावर ५६७.९ या ड्यूई वर्गांकाच्या (विषयाच्या क्रमांकाच्या) पुढे आणखी चार आकडे छापून येतात. दशांश अपूर्णांक चौथीत शिकवतात हो! दुसरीतलं पोर ते पुस्तक परत जागेवर कसं ठेवणार? आणि ग्राफिक नॉव्हेल्सवर नुसतं ७४१.५ आणि लेखकाची तीन अक्षरं. मालिकेचा भाग कितवा ते कुठेच नाही. रोज दहा मुलं विचारतात, 'याच्या पुढचं कुठलं?' मी मार्करने कण्यावर आकडे लिहिते. तसं करणं नियमात बसत नाही, माहीत आहे.

---

आळूचं_फदफदं
५ मार्च, सकाळी ७:०५

लायब्ररीतलं मला ओ की ठो कळत नाही, मुलीच्या शाळेत गुरुवारी पुस्तकं लावायला जातो इतकंच. बावळट प्रश्न: स्टिकर चिकटवायला सेंटर कशाला हवं? प्रत्येक शाळेला एक लेबल प्रिंटर द्या. आमच्यासारखे रिकामटेकडे पालक तासाभरात ढीग संपवतील.

---

टपालहशील
५ मार्च, सकाळी ८:४०

@आळूचं_फदफदं, चिकटवणं सोपंच आहे. घोळ त्याच्या आधी होतो. मी एका डिस्ट्रिक्टच्या आयटीत आहे आणि लायब्ररी सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे हा चिखल मी रोज तुडवतो.

एकाच कथेची हार्डकव्हर, पेपरबॅक आणि लायब्ररी बाइंडिंग अशी तीन रूपं असतात आणि तिघांचे आयएसबीएन वेगळे. शाळा आपापलं रेकॉर्ड टाकायला लागल्या की एका पुस्तकाची पाच रेकॉर्ड तयार होतात. त्यातल्या एकाला लेखकाचं नाव आडनावापासून, दुसऱ्याला पहिल्या नावापासून, तिसऱ्याला नावच नाही, 'नवीन पुस्तक' असं काहीतरी. मूल शोधतं, पहिलं रेकॉर्ड सापडतं, तिथे 'एकूण १ प्रत, बाहेर गेली आहे' असं दिसतं आणि ते निघून जातं. त्याच शेल्फवर दुसऱ्या रेकॉर्डखालच्या दोन प्रती धूळ खात असतात. पुस्तक असून नसल्यासारखं. आमच्याकडे सहा वर्षं शाळांनीच रेकॉर्ड टाकली. ती एकत्र करायला दोन उन्हाळे गेले, अजून संपलेलं नाही.

तरीही माझं मत शेल्फ-रेडीच्या बाजूने आहे. आज शाळांना पुस्तकं विकणाऱ्या बहुतेक मोठ्या वेंडरकडे तुमची स्पेसिफिकेशन एकदा भरून ठेवता येतात: बारकोड पुढे की मागे, लेबल तळापासून किती वर, वर्गांकात दशांशानंतर किती आकडे, चरित्राला 'बी' की ९२ की ९२१. पुस्तकं तयार होऊन येतात, रेकॉर्डची फाइल मागाहून येते, ती सिस्टीममध्ये चढवली की झालं.

फक्त एक जपा. बारकोडची मालिका. आमच्या माणसाने एकदा वेंडरला आधीच वापरून झालेली रेंज कळवली. (तो माणूस मीच होतो, आता लपवून काय उपयोग.) साडेसहाशे पुस्तकं चिकटवून आली. चौथीतल्या मुलाने वाघांवरचं पुस्तक नेलं, तर त्याच्या नावावर हायस्कूलचं बीजगणित चढलं.

---

पोटमाळा
५ मार्च, दुपारी १:२०

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी आता रिटायर आहे. पण १९८० च्या दशकात एका काउंटीच्या शालेय प्रोसेसिंग सेंटरमध्ये मी कार्डं टाइप केली आहेत.

एका पुस्तकाला एक कार्ड नसायचं. लेखकाचं एक, शीर्षकाचं एक, प्रत्येक विषयाचं एकेक, शिवाय शेल्फ लिस्टचं, म्हणजे एका साध्या चित्रपुस्तकामागे पाच-सहा. हे शाळेशाळेत वेगळं टाइप करणं हा शुद्ध वेडेपणा होता, आणि तो वेडेपणा टाळायची धडपड फार जुनी आहे. स्मिथसोनियनचे ग्रंथपाल चार्ल्स ज्यूएट यांनी १८५० च्या सुमारास अशी योजना मांडली होती की प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीची एक छापाची पट्टी करून ठेवावी, आणि ज्या लायब्ररीकडे ते पुस्तक असेल तिने तीच वापरावी. पट्ट्यांच्या मिश्रणात चिकणमाती होती, म्हणून लोकांनी थट्टेने त्याला 'मातीचा कॅटलॉग' म्हटलं. योजना बुडाली. कल्पना मात्र टिकली. १९०१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली छापील कार्डं इतर लायब्ररींना विकायला सुरुवात केली आणि ती विक्री १९९७ पर्यंत चालली. मधे १९६० च्या दशकात हेन्रिएट अॅव्हराम या बाईंनी मार्क बांधलं. त्या ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रॅमर होत्या. आज तुमच्या स्क्रीनवर २४५ (शीर्षक) आणि ६५० (विषय) हे रकाने दिसतात ते त्यांच्यामुळे. ओसीएलसी या लायब्ररींच्या सहकारी संस्थेने शेवटची कार्डं छापली २०१५ च्या १ ऑक्टोबरला. त्या दिवशी मी घरी जुन्या कार्डांच्या पाठीवर वाणसामानाची यादी लिहीत होते.

शाळांपुरतं बोलायचं तर मोठा पूर आला १९६५ मध्ये. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी एप्रिलमध्ये सही केलेल्या शिक्षण कायद्याच्या टायटल टूमध्ये शाळांची लायब्ररी सामग्री, पाठ्यपुस्तकं आणि तत्सम साहित्यासाठी पहिल्या वर्षाला १० कोटी डॉलरची तरतूद होती. पुस्तकांना एकाएकी पैसे आले. ती हाताळायला माणसं कुठे होती? अनेक एलिमेंटरी शाळांत तर लायब्ररीच नव्हती. डिस्ट्रिक्टने एक खोली काढायची, तिथे टायपिस्ट बसवायच्या आणि सगळ्यांची कार्डं तिथून पाठवायची, हा त्यावरचा उपाय होता. थोडक्यात, कमी माणसांत जास्त शाळा सांभाळायच्या म्हणून ही खोली जन्माला आली. शिस्त लावणं हे तिला नंतर जडलेलं व्यसन.

---

तिसरी_घंटा
५ मार्च, संध्याकाळी ५:३०

'नंतर जडलेलं व्यसन' 😄 पोटमाळा, हे वाक्य मी आमच्या सेंटरच्या दारावर लावणार आहे.

---

जुनीवही
५ मार्च, रात्री १०:१०

लावा हो, लावा. आमच्या दारावर आधीच 'कृपया घंटी वाजवू नये' आहे.

तिसरी_घंटा, वर्गांकाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि त्याचा उपाय आमच्या स्क्रीनवरच असतो, ही लाजेची गोष्ट. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या रेकॉर्डमध्ये ०८२ या रकान्यात ड्यूई क्रमांक येतो, त्यात बऱ्याचदा एक तिरकी रेघ असते. रेघेपर्यंतचा आकडा छोट्या लायब्ररीला पुरेसा, असा तिचा अर्थ. घाईत रेकॉर्ड जसंच्या तसं उतरवलं की रेघ गाळून पूर्ण शेपूट छापलं जातं. मालिकेच्या भागाचंही तसंच. तो रेकॉर्डमध्ये असतो, पण आमच्या लेबलच्या साच्यात त्याला ओळच ठेवलेली नाही. साचा बदलायला मला आज वीस मिनिटं लागली. तुमच्या सेंटरला हे सांगून बघा.

आळूचं_फदफदं, तुमचा प्रश्न बावळट नाही. पण आमच्या २२ शाळांपैकी प्रशिक्षित लायब्रेरियन फक्त सहा शाळांत आहेत. उरलेल्या १६ ठिकाणी एक क्लार्क, तीही दोन शाळांत अर्धा-अर्धा दिवस, आणि तिच्याकडे लॅपटॉप वाटपाचंही काम. तिला लेबल प्रिंटर देऊन मी मोकळी झाले तर ते पुस्तक प्रिंटरशेजारीच वर्ष काढेल. तिसरी_घंटासारखी माणसं प्रत्येक शाळेत असती तर माझी खोली उद्या बंद करा म्हणाले असते.

---

तिसरी_घंटा
५ मार्च, रात्री १०:५५

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी 'सगळ्या शाळा म्हणजे माझी शाळा' असं धरून भांडत होते. आमच्याही डिस्ट्रिक्टमध्ये गेल्या दोन वर्षांत चार शाळांतल्या लायब्रेरियनच्या जागा भरल्या नाहीत. तिथे कोण काय करतंय, खरंच ठाऊक नाही.

---

कोनाडा९
६ मार्च, सकाळी ९:२५

थोडं अवांतर करू का? म्हटलं तर अवांतर, म्हटलं तर धाग्याचा गाभाच.

मुलाच्या शाळेला आम्ही काही जणांनी मिळून गणपतीच्या गोष्टींची चित्रपुस्तकं भेट दिली. मिडल स्कूललाही दिली. सेंटरमधून तयार होऊन आली तर एलिमेंटरीत ती ३९८.२ ला, म्हणजे परीकथा-लोककथांत, आणि मिडल स्कूलमध्ये २९४.५ ला, हिंदू धर्मात. पुस्तक तेच! मी विचारलं तर उत्तर मिळालं, 'रेकॉर्डमध्ये तसं होतं.' मला ३९८.२ खटकलं. ज्याची आपण घरी आरती करतो तो 'लोककथा' कसा? पण बायको म्हणते, २९४ मध्ये ठेवलंस तर भारतीय मुलांशिवाय कोणी तिकडे फिरकणार नाही. ३९८.२ मध्ये सिंड्रेलाच्या शेजारी ठेवलं तर सगळे उचलतील.

---

पोटमाळा
६ मार्च, सकाळी ११:००

तुमच्या घरात कॅटलॉगिंग कमिटीची मीटिंग भरते, उत्तम.

ड्यूईचा नियम असा की धर्माच्या अंगाने सांगितलेली पुराणकथा २०० च्या वर्गात जाते आणि लोकसाहित्य म्हणून सांगितलेली ३९८.२ मध्ये. ग्रीक देवांच्या कथा २९२ ला ठेवतात, म्हणजे ज्यांना पूजणारे आता जवळपास उरले नाहीत त्या देवांनाही धर्मात जागा आहे. रामायण २९४.५९२२, महाभारत २९४.५९२३, पंचतंत्र मात्र ३९८.२. त्या हिशेबाने गणपती २९४.५ ला. बाहेरच्या जिवंत धर्माच्या कथा 'लोककथा' म्हणून बाजूला टाकायच्या आणि बायबलच्या गोष्टी मात्र धर्मात ठेवायच्या, हा दुजाभाव आहे आणि त्यावर आमच्या व्यवसायात बरीच वर्षं बोललं जातंय.

पण तुमच्या पत्नी चुकीचं बोलत नाहीत. शेल्फवर जागा एकच असते, कॅटलॉगमध्ये मात्र वाटा हव्या तेवढ्या काढता येतात. वर्गांक २९४.५ ठेवा आणि ६५० मध्ये गणेश, हिंदू पुराणकथा, हत्ती, जे लागेल ते विषय द्या. शोधणाऱ्याला कुठूनही सापडेल. आणि हे एकदाच, एका ठिकाणी, विचार करून करायचं काम आहे. बावीस जणांनी बावीस वेळा घाईत करायचं नाही. सेंटरच्या बाजूने माझा मुद्दा हाच. २०२१ च्या नोव्हेंबरात लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'इल्लीगल एलियन्स' (बेकायदा परदेशी) हा विषयशब्द बदलायचं जाहीर केलं. त्यामागे डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ पासून लावून धरलेली मागणी होती. जिथे कॅटलॉग एकत्र आणि नीट होता तिथे तो सगळ्या शाळांत एका झटक्यात बदलता आला. जिथे प्रत्येक शाळेचं आपलं आपलं होतं तिथे काही ठिकाणी तो आजही बसलेला सापडेल.

---

उंबरठ्यावर
६ मार्च, रात्री ८:१५

सगळे सोयीचं बोलताय म्हणून एक गैरसोयीचं. एक दार असलं की त्या दाराशी पहारेकरी बसवणंही सोपं जातं. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये कुठलाही निर्णय झालेला नसताना काही पुस्तकं सेंटरच्या टेबलावर 'थांबवून' ठेवली होती. नाकारली नाहीत, कोणी लेखी काही दिलं नाही, फक्त टबमध्ये गेली नाहीत. चौकशी केली की 'प्रोसेसिंगमध्ये आहेत'. चार महिने!

---

तिसरी_घंटा
६ मार्च, रात्री ९:००

उंबरठ्यावर, +१. टेक्ससमध्ये २०२५ च्या सिनेट बिल १३ नंतर तर लायब्ररीसाठी काय घ्यायचं याची यादी आधी ३० दिवस लोकांसमोर ठेवावी लागते आणि मग बोर्डाची मंजुरी. भेट आलेल्या पुस्तकांनाही तेच. म्हणजे वरात निघण्याआधीच घोडं महिनाभर तबेल्यात. त्याच्या पुढे सेंटरची रांग.

---

पोटमाळा
६ मार्च, रात्री ९:४५

दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पुस्तक निवडणं आणि घेतलेलं पुस्तक तयार करणं. निवडीवर वाद घालायचा तर तो उघड, नावानिशी आणि बोर्डाच्या कागदावर व्हावा. सुप्रीम कोर्टातला पिकोचा १९८२ चा खटला लायब्ररीतून पुस्तकं काढून टाकण्यावरचा होता. टेबलावर विसरल्याचं नाटक त्यात बसतच नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं. प्रोसेसिंग टेबलाला मत नसावं. त्याला फक्त तारीख असावी: कधी आलं, कधी गेलं.

---

जुनीवही
७ मार्च, सकाळी ६:५०

पोटमाळा, तुमच्या शेवटच्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही. आम्ही आल्याची तारीख कुठेच लिहीत नाही! सिस्टीममध्ये प्रत जोडल्याची तारीख पडते, ती आम्ही पुस्तक हातात घेतल्यावरची. त्याआधी खोकं किती दिवस भिंतीला टेकून होतं याची नोंद नाही.

आज लवकर जाऊन जुन्या पॅकिंग स्लिपांची फाइल काढते. काही स्लिपांवर गोदामवाल्याचा शिक्का असतो.

---

टपालहशील
७ मार्च, सकाळी ८:१०

पुस्तक पहिल्यांदा इश्यू झाल्याची तारीखही सिस्टीममधून निघते. ती जोडा. शाळेत पोचलं म्हणजे मुलाच्या हातात पडलं असं नाही.

आणि मी परवा शेल्फ-रेडीचा झेंडा मिरवला, त्याला एक तळटीप. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. बेकर अँड टेलर ही लायब्ररींना पुस्तकं पुरवणारी १८२८ पासूनची कंपनी, तिने २०२५ च्या ऑक्टोबरात गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तिच्यावर विसंबलेल्या लायब्ररींची किती धावपळ झाली. खोली मोडायला एक मीटिंग पुरते. पुन्हा उभी करायची तर रेकॉर्ड वाचता येणारी माणसं आणायची कुठून?

---

मीच_ती
७ मार्च, दुपारी १२:३०

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. बारकोड पुस्तकाच्या पुढच्या बाजूला लावायचा की मागच्या? आमच्या शाळेत भांडणं आहेत.

---

तिसरी_घंटा
७ मार्च, दुपारी १२:४१

पुढे, वरच्या डाव्या कोपऱ्यात, कण्याला समांतर. वार्षिक मोजणीला पुस्तक पूर्ण बाहेर न काढता, नुसतं थोडं तिरकं करून स्कॅन करता येतं. ३०० पुस्तकांनंतर मनगट आशीर्वाद देतं.

टपालहशील
७ मार्च, दुपारी १२:५५

कुठेही लावा, छापील आयएसबीएनवर लावू नका. हात जोडून विनंती.

---

कोनाडा९
७ मार्च, रात्री ९:०५

आणखी एक. आमच्या मंडळाने मुलांची मराठी पुस्तकंही दिली होती. ती दीड वर्ष सेंटरमध्ये पडून आहेत. कारण 'रेकॉर्ड मिळत नाही'. जुनीवही, हे कसं करतात हो?

---

जुनीवही
७ मार्च, रात्री ११:३०

हे मात्र मी अगदी आवडीने करते. रेकॉर्ड तयार मिळालं नाही तर मुळापासून लिहायचं. भाषेच्या कोडला 'एम-ए-आर', शीर्षक आधी रोमन लिपीत २४५ मध्ये, आणि तेच देवनागरीत ८८० मध्ये, दोन्ही एकमेकांना जोडून. मराठी साहित्याचा ड्यूई क्रमांक ८९१.४६ आहे, पण बालवाचकांच्या चित्रपुस्तकांवर मी तो छापत नाही. कण्यावर भाषेचं नाव आणि लेखकाची अक्षरं, वर्ल्ड लँग्वेजेसच्या शेल्फवर.

रोमन लिपीचा एक त्रास सांगते. नियमाप्रमाणे 'ज्ञ' म्हणजे जे-एन-ए. आपली मुलं शोधताना टाइप करतात डी-एन-वाय-ए. नियम पाळला तर पुस्तक सापडत नाही, मोडला तर मी झोपत नाही. म्हणून नियमावलीला नमस्कार करून २४६ मध्ये, म्हणजे शीर्षकाच्या पर्यायी रूपासाठी असलेल्या जागेत, आपल्या घरगुती स्पेलिंगचं शीर्षक टाकते.

तुमच्या सेंटरमध्ये देवनागरी वाचणारं कोणी नसेल तर मुखपृष्ठ आणि आतल्या माहितीच्या पानाचे फोटो मला संपर्कातून पाठवा. रेकॉर्ड लिहून फाइल देते. ते नुसती चढवतील.

---

जुनीवही
१९ मार्च, रात्री १०:२०

काल बोलून आले.

आधी स्लिपांचं सांगते. ज्यांवर शिक्का सापडला तेवढ्याच धरल्या. ऑगस्ट-सप्टेंबरात आलेली खोकी आमच्याकडे पाच-सहा आठवडे होती. फेब्रुवारीत आलेली चार-पाच दिवस. टेबलावर एका पुस्तकाला मिनिटं लागतात. आठवडे जातात ते भिंतीला टेकून. म्हणजे तिसरी_घंटाचं भांडण खोलीशी नव्हतं, ऑर्डरच्या वेळापत्रकाशी होतं. आणि ते वेळापत्रक शाळा, हिशेब विभाग आणि आम्ही, तिघांनी मिळून बिघडवलेलं आहे.

तीन मिनिटांत मी एवढंच म्हटलं. नेहमीची, भरपूर प्रतींची पुस्तकं वेंडरकडून शेल्फ-रेडी घ्या, माझी हरकत नाही. रेकॉर्ड मात्र आमच्या नजरेखालून जाऊ द्या. दुसऱ्या भाषांतली, भेट आलेली, पालक संघटनेच्या पैशातली आणि दुकानातून आणलेली पुस्तकं आमच्याकडे येऊ द्या, कारण ती करायला दुसरं कोणी नाही. शाळांना ऑर्डरचे महिने वाटून द्या. जिथे लायब्रेरियन आहे तिथे वर्गांकाबद्दल शेवटचा शब्द तिचा. आणि एका पुस्तकामागे किती डॉलर, या आकड्याशेजारी किती दिवस, हाही आकडा छापा. एका सदस्याने विचारलं, दिवस कोण मोजणार? मी स्लिपांचा गठ्ठा पुढे ठेवला.

निर्णय मे महिन्यावर ढकलला आहे. खोली तोपर्यंत आहे.

---

तिसरी_घंटा
१९ मार्च, रात्री १०:४८

वा! मी आमच्या सेंटरला तारखा मागितल्या. उत्तर आलं, 'अशी नोंद ठेवत नाही.' मग माझ्या शाळेच्या नावाची खोकी कधी येतात ते बघायला गोदामवाल्याशीच मैत्री केली. तो आता खोक्यावर मार्करने तारीख घालतो. मालिकेच्या भागाचे आकडे मात्र लेबलवर यायला लागले, त्याबद्दल तुम्हाला आणि तुमच्या वीस मिनिटांना धन्यवाद.

---

कोनाडा९
२० मार्च, सकाळी ७:३०

अभिनंदन, जुनीवही! फोटो पाठवलेत. १४ पुस्तकं आहेत, सवडीने करा.

---

जुनीवही
२० मार्च, रात्री ९:१५

मिळाले. नऊ झाली. दोन पुस्तकांची माहितीची पानं धूसर आहेत, पुन्हा पाठवा.

आणि तुमच्या गणपतीचं पुस्तक आमच्या कॅटलॉगमध्ये सहज शोधलं. आमच्याकडेही तोच घोळ: आठ शाळांत २९४.५, तीन शाळांत ३९८.२. तिघींना मेल केले. दोघी क्लार्क म्हणाल्या तुम्हीच ठरवा, लायब्रेरियन असलेल्या तिसरीने ३९८.२ च ठेवलं, मुलं तिथूनच नेतात म्हणाली. ठीक आहे, शेवटचा शब्द तिचा. बाकी दोन प्रती आज व्हॅनने परत आल्या. लेबल इतकं पक्कं बसलं होतं की हेअर ड्रायर लावून सोडवावं लागलं.